सुकाण्याची लेक

रत्नागिरीजवळ मिऱ्यावर केरू सुकाण्याचं घर विचारलंत तर जुनी माणसं अजून हसतात. "तो दोनदा बोलणारा ना," म्हणतात आणि बोट दाखवतात.

केरूची उमर मोठ्या आगबोटींवर गेली, सुकाणूच्या चाकाशी उभं राहून. बोटीवर रीत अशी, की कप्तान म्हणाला डावीकडे दहा, की सुकाण्याने मोठ्याने म्हणायचं, डावीकडे दहा, आणि मगच चाक फिरवायचं. कप्तान कान देऊन असतो. चुकीचं ऐकलं असेल तर तिथंच थांबवतो. केरूच्या अंगात ही रीत इतकी मुरली होती की रजेवर घरी आला तरी सुटायची नाही. बायकोने येताना खोबरेल आणि गूळ आणा म्हटलं, की हा उंबऱ्यात उभा राहून म्हणणार, खोबरेल आणि गूळ. बायको "व्हय" म्हणेपर्यंत पाऊल बाहेर पडायचं नाही. वाडीतली पोरं मागून खोबरेल-गूळ, खोबरेल-गूळ करत जायची. केरूला राग कधी आला नाही.

त्याची एकुलती एक लेक तुळसा. ती या घरात वाढली, म्हणजे तिलाही तेच वळण. पाणी आण म्हटलं तर "पाणी आणतंय" म्हणून उठायची. तिला वाटायचं, सगळ्यांच्या घरी असंच बोलतात.

तसं बोलत नाहीत, हे तिला लग्नानंतर कळलं. सासर पालीच्या वरच्या अंगाला, आत डोंगरात. भात-नाचणीची शेती, नवरा मुंबईला गिरणीत, घरात सासू आणि जावा. नवी नवरी येऊन आठवडा झाला नसेल, शिमग्याचे दिवस होते. सासूने पडवीतून सांगितलं, उकड्या तांदळाची दोन मापं काढ आणि एक माप सुरय, म्हणजे न उकडलेला, पिठाला ठेव. पडवीत गावातली चार माणसं बसली होती. तुळसा आतून खणखणीत म्हणाली, "उकडे दोन मापा, सुरय एक माप पिठाला. काढतंय."

पडवीतले सगळे आतल्या दाराकडे बघायला लागले. मग कोणीतरी फिसकन हसलं.

सासू आत आली. हात उगारला नाही, पण आवाज असा काढला की हात बरा वाटावा. "मना येडावतेस? चार मान्सांत? बापसाच्या घरी ह्याच शिकलीस काय गो?"

तुळसाने बोटीचं सांगायला तोंड उघडलं. जावा आणखीच हसल्या. सासूला बोट कसली आणि कप्तान कोण. मोठ्या माणसाचं वाक्य त्याच्याच पुढ्यात परत म्हणायचं म्हणजे वेडावणं, हे त्या मुलखातल्या पोराटोरालाही ठाऊक होतं. गावात तिला पोपटीण नाव पडलं. त्या दिवसापासून तिने एकच शब्द जवळ ठेवला, व्हय. काही सांगा, व्हय. समजलं नाही तरी व्हय. पुढे नवरा मुंबईत काविळीने गेला. सासरच्यांनी तिला मिऱ्यावर आणून सोडलं, तेव्हाही ती तेवढंच म्हणाली.

रत्नागिरीत गावाबाहेरच्या टेकाडावर एका ट्रस्टचं इस्पितळ होतं. तिथे ती आधी आया म्हणून लागली, मग नर्सिंगचा कोर्स केला, आणि कॅज्युअल्टीत आली. कॅज्युअल्टी म्हणजे आत शिरल्यावरची पहिलीच लांबट, अरुंद खोली. एक चाकाची खाट खिडकीशी, एक दाराशी, मधे जेमतेम माणूस जाईल एवढी वाट. झाडावरून पडलेले, फुरसं चावलेले, होडीच्या दोरात बोट अडकून तुटलेले, सगळे आधी तिथं येत. तुळसाचा हात हलका होता, सुई टोचलेली कळायची नाही. डॉक्टरांना ती आवडायची ती मात्र दुसऱ्या गुणासाठी. खेडेकर डॉक्टर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, आमची तुळसा बघा, तोंडातून शब्द नाही, काम फक्त.

खेडेकर डॉक्टर वाईट माणूस नव्हे. फुरशाच्या विषावर त्यांनी जेवढी माणसं परत आणली, तेवढी त्या किनाऱ्यावर कुणी आणली नसतील. पण ते बोलायचे चालता चालता, अर्धं वाक्य या खोलीत आणि अर्धं पुढच्या. नावं त्यांच्या लक्षात राहत नसत. "खिडकीवाल्याला सलाईन, दारवाल्याचे टाके," असं म्हणत ते व्हरांड्यात पोचलेले असायचे. मागून दोघी-तिघींचं "हो" ऐकू आलं की त्यांचं काम झालं.

हेच एका दुपारी नडलं. दम्याचा एक म्हातारा खिडकीशी होता. डॉक्टर जाता जाता इंजेक्शन सांगून गेले. तुळसाने मान हलवली. मागे मथुरा उभी होती, तिच्याहून लहान, नवी नर्स. ती "देते" म्हणाली. एकीने इंजेक्शन दिलं आणि ती पाणी आणायला गेली. दुसरीने येऊन तेच परत दिलं. म्हाताऱ्याने दुसऱ्यांदाही मुकाट हात पुढे केला. त्याला वाटलं, दोन असतील. इस्पितळात कुणाला उलट विचारायचं?

म्हाताऱ्याचं काळीज दिवेलागणीपर्यंत घोड्यासारखं धावत होतं. खेडेकर खुर्ची ओढून त्याच्या उशाशी बसले, उठलेच नाहीत. वाचला. पण चौकशी व्हायची ती झाली. मथुरा रडत म्हणाली, मी "देते" असं बोलले होते, ते दारातल्या सखारामने ऐकलंय. सखाराम वॉर्डबॉय, त्याने होय म्हटलं. तुळसा काय बोलली होती? काहीच नाही. मान हलवली होती.

ट्रस्टचा एक लहान दवाखाना दाभोळला होता. तिथली नर्स लग्न होऊन गेली होती. मोठ्या डॉक्टरांनी, म्हणजे इस्पितळाच्या प्रमुखांनी, तुळसाला बोलावून सांगितलं की महिनाअखेरपर्यंत बघू. खेडेकरांनी सांगितलं ठेवा, तर इथं. नाहीतर दाभोळ.

दुसऱ्या कुणी आनंदाने उडी मारली असती. दाभोळ काही वाईट नाही, खाडीचं तोंड आहे, मासळी चांगली. पण केरूला आदल्या वर्षी वाऱ्याचा झटका आला होता. उजवं अंग गेलं, आणि जीभ गेली. दोनदा बोलणाऱ्या माणसाला आता एकदाही धड बोलता येत नव्हतं. तुळसा ड्यूटीवर असली की शेजारची गोदूबाई त्याला भरवायची, कूस बदलायची. दाभोळच्या दवाखान्यात नर्सला राहायला माळ्यावर एक खोली आणि वर चढायला शिडी. तिथं बापाला नेता येत नव्हतं, आणि इथं ठेवून जायचं कुणाच्या भरवशावर? गोदूबाई म्हणायची, मी हाये गो, जा तू. म्हणताना तिच्या स्वतःच्या गुडघ्यांना पदराने शेक चाललेला असायचा.

तर असं सगळं खेडेकरांच्या एका शब्दावर आलं होतं.

त्या म्हाताऱ्याच्या प्रकरणामुळेच ट्रस्टने मुंबईहून मालन पिलणकर बाईंना बोलावलं. मूळच्या रत्नागिरीच्याच, मांडवीच्या, पण सगळी नोकरी मुंबईच्या इस्पितळांत मेट्रन म्हणून झालेली. आता निवृत्त. कॅज्युअल्टीतल्या माणसांना बोलायला शिकवायचं, असं त्यांचं काम. इस्पितळात हसायला एवढं पुरे होतं. सखाराम म्हणाला, चाळिशीनंतर आता मी बोबडे बोल शिकणार, आई असती तर पेढे वाटले असते तिने.

शिकवणी दुपारची, स्टोअरच्या पडवीत. बाईंनी एक तक्क्या मागवला, त्याला पांघरूण घातलं आणि त्याचं नाव आप्पा ठेवलं. एकाने डॉक्टर व्हायचं, एकीने नर्स, आणि आप्पा पेशंट. सखारामला डॉक्टर केला तर तो खेडेकरांसारखा मागे हात बांधून असा चालला की मथुराला हसू आवरेना. बाईही हसल्या. मग त्यांनी नियम सांगितला. डॉक्टरने सांगितलं की नर्सने ते परत बोलायचं. पेशंटचं नाव घेऊन, पूर्ण, मोठ्याने. डॉक्टर "बरोबर" म्हणाला की मगच हात लावायचा. खिडकीवाला नाही, दारवाला नाही. आप्पा म्हणजे आप्पा. आणि आल्या माणसाचं नाव सगळ्यात आधी विचारायचं.

मथुराला पहिल्याच दिवशी जमलं. सखारामलाही जमलं, उलट तो नको तिथंही परत बोलायला लागला. मग तुळसाची पाळी आली. बाई म्हणाल्या, आप्पाला सलाईन लाव. तुळसा म्हणाली, हो. बाई म्हणाल्या, हो नको, परत बोल. तुळसाने आप्पाचं पांघरूण सारखं केलं. सखाराम डॉक्टरांच्या आवाजात म्हणाला, "आमची तुळसा बगा, तोंडातून शब्द नाय." सगळे हसले. तुळसा तक्क्याकडे बघत उभी राहिली.

शिकवणी संपल्यावर बाईंनी तिला थांबवून घेतलं. काय झालं, कसं झालं, हळूहळू काढून घेतलं. उकडे तांदूळ, पडवीतली माणसं, सासूचा आवाज. बाप कोण हे कळलं तेव्हा बाई कपाळाला हात लावून बसल्या.

"केरू सुकाण्याची लेक तू? नि तुला मी शिकवतेय?" मग म्हणाल्या, "हे बघ गो. मी काय तुझी सासू नाय, नि खेडेकर तुझा सासरा नाय. आणि पेशंट म्हणजे तांदूळ नाय. कमी-जास्त पडले तर परत मापता येत नाय."

तुळसा म्हणाली, व्हय. बाईंनी मान हलवली. या व्हयचा अर्थ आता त्यांना कळायला लागला होता.

दोन दिवसांनी मथुराने हे खरोखरच करून बघितलं, वॉर्डात, खेडेकरांपुढे. त्यांनी एका बाईला औषध सांगितलं, मथुराने नाव घेऊन परत म्हटलं. डॉक्टर थबकले. पेशंटचे नातेवाईक बघत होते. त्यांच्या कानशिलावरची शीर उठली. मी बहिरा की तू बहिरी, असं त्यांनी विचारलं. मग तिथून सरळ पडवीत आले, शिकवणी चालली होती तिथं.

"बाई, तुमचं मुंबईचं मुंबईत ठीक," ते म्हणाले. "इथं माणूस मरत असताना मला पोपट नकोत. माझ्या कॅज्युअल्टीत मला कुणी वेडावलेलं चालणार नाही. ज्यांना इथं राहायचंय त्यांनी लक्षात ठेवा."

शेवटचं वाक्य सगळ्यांना होतं, पण सगळ्यांनी बघितलं ते तुळसाकडे. बाई शांतपणे म्हणाल्या की डॉक्टर, कोणी वेडावत नाहीये. पण ते तोवर व्हरांड्याच्या टोकाला पोचले होते.

ती रात्र तुळसाने बापाचे पाय चोळत काढली. केरू तिच्याकडे बघत होता. डाव्या हाताने तिचं मनगट धरलं, सोडलं. त्याला सांगण्यासारखं काही ठरलंच नव्हतं.

महिनाअखेर आली होती. पिलणकर बाईंची शिकवणीही संपत आली होती. दुपारी जेवणं आटोपतात त्या सुमारास पालीच्या रस्त्याने एक टेम्पो टेकाड चढून आला, हॉर्न न थांबवता. जांभ्याच्या चिऱ्यांनी भरलेला ट्रक वळणावर कलंडला होता. वर बसलेले खाणीतले मजूर चिऱ्यांखाली सापडले होते. टेम्पोतून तिघांना उतरवलं. एक ड्रायव्हर, त्याच्या दंडातून रक्त उडत होतं. आणि दोन मजूर, चुलतभाऊ, साधारण एकाच वयाचे, एकाच बांध्याचे. दोघेही डोक्यापासून पायापर्यंत चिऱ्याच्या तांबड्या धुळीने माखलेले. केस तांबडे, पापण्या तांबड्या, रक्त कुठलं आणि माती कुठली ते पुसल्याशिवाय कळू नये. टेम्पोमागोमाग रिक्षातून त्यांची माणसं आली, बाया पुढे, पुरुष मागे.

तुळसाने नावं विचारली. बाईंनी शिकवलं म्हणून की बापाने, ते तिलाही सांगता आलं नसतं. एक विठू, एक गंगाराम. विठूला खिडकीशी घेतलं, गंगारामला दाराशी. खेडेकर एकाकडून दुसऱ्याकडे गेले. विठूचं मांडीचं हाड मोडलं होतं, तो कण्हत होता. गंगारामच्या डोक्यावर चिरा पडला होता. बाहेरून जखम लहान, पण त्याची एक बाहुली मोठी दिसत होती. तोही कण्हत होता, मधेच हातपाय झाडत होता, विचारलेलं त्याला कळत नव्हतं. डॉक्टरांनी दोघांवर पांघरूण घालायला लावलं आणि कोल्हापूरला फोन करायला धावले, गंगारामला तिकडे हलवणं भाग होतं. मथुराला त्यांनी रक्तपेढीकडे पिटाळलं. तेवढ्यात ड्रेसिंगच्या खोलीतून सखारामने हाक मारली, ड्रायव्हरचं रक्त थांबत नाही म्हणून. तुळसा तिकडे गेली. खोलीत दोन पेशंट आणि त्यांची माणसं उरली.

आता त्या माणसांनी जे केलं ते आपल्याकडच्या कुणीही केलं असतं. खिडकीच्या खाटेवर माणूस झोपवला की त्याचे पाय दक्षिणेला येत. इस्पितळ बांधणाऱ्याला त्याचं काही नसेल. पण विठूच्या आईने, सोनूबाईने, भिंतीला टेकल्या टेकल्या ते पाहिलं. दक्षिणेला पाय करून आपण कुणाला ठेवतो, हे तिला कुणी सांगायला नको होतं. ती दिराला म्हणाली, आधी त्येला फिरवा. खाटेला चाकं होती. पण खोली एवढी चिंचोळी की एक खाट जागच्या जागी फिरवता येईना. म्हणून त्यांनी दाराशी असलेली गंगारामची खाट बाहेर व्हरांड्यात ढकलली, मग विठूची बाहेर काढली, अलगद, त्याची मांडी धरून, देवाची पालखी फिरवतात तशी फिरवली. परत आत नेताना गंगारामची खाट आधी हाताशी आली. ती आधी आत गेली, उलट्या तोंडाने, पार खिडकीपर्यंत. विठू दाराशी राहिला. दोघांचेही पाय आता उत्तरेला होते. पांघरुणं नीट केली. सगळे परत भिंतीला लागून उभे राहिले, गुन्हा केल्यासारखे गप्प. डॉक्टरांना विचारलं नव्हतं ना.

डॉक्टर फोनवरून परत आले ते ड्रेसिंगच्या खोलीकडे जायच्या घाईत. कॅज्युअल्टीच्या दारावरून जाताना आत मान वळवली नाही. समोरून तुळसा येत होती, हात धुऊन.

"खिडकीवाल्याला पेथिडिन, पन्नास. मग फळी बांधू," ते म्हणाले आणि पुढे निघाले.

पेथिडिन वेदनेवरचं. मोडक्या हाडाला त्याच्यासारखं दुसरं नाही. पण डोक्याला मार बसलेल्याला ते दिलं, तर माणूस शांत होतो, सगळ्यांना बरं वाटतं, आणि त्या झोपेतच त्याचा श्वास मंद मंद होत जातो.

तुळसाने कपाटातून ते काढलं, सिरिंज भरली. तिच्या डोक्यात खिडकीवाला म्हणजे विठू. डॉक्टरांच्या डोक्यात खिडकीवाला म्हणजे विठू. यात शंका घेण्यासारखं काही नव्हतं, आणि ती शंका घेतही नव्हती. नुसतं आत जायचं, हात धरायचा, टोचायचं. म्हाताऱ्याच्या वेळेलाही असंच होतं, काही वेगळं वाटलं नव्हतं.

ती दारात थांबली. सुई वर धरलेली. डॉक्टरांची पाठ व्हरांड्यात, अजून ड्रेसिंगच्या खोलीच्या दाराशी, माणसांनी अडवलेली. व्हरांड्यात ट्रकमालक होता, गावची माणसं होती, पोलीस पाटील होता. चार माणसं नव्हे, चाळीस. आणि महिनाअखेर. तिने हो म्हटलं असतं तरी कुणी विचारणार नव्हतं. हो म्हटलं की ती बापाजवळ राहणार होती.

"डॉक्टर," ती म्हणाली. आवाज फुटला नाही. मग फुटला, आणि इतक्या वर्षांचा साठलेला असल्यामुळे असेल, फार मोठा निघाला.

"खिडकीजवळ विठू, मांडीचं हाड. विठूला पेथिडिन, पन्नास. देऊ?"

खेडेकर वळले. त्यांच्या कानशिलावरची ती शीर तिला इतक्या लांबून दिसली. सखाराम ड्रेसिंगच्या दारातून डोकावला आणि त्याने डोळे मिटून घेतले. डॉक्टर परत चालत तिच्याकडे येऊ लागले, सावकाश. ते सावकाश चालले की काय होतं ते सगळ्यांना माहीत होतं.

"तुला मी काय सांगितलं होतं?" ते म्हणाले.

तुळसाने सुई खाली घेतली नाही. उत्तर आलं ते खोलीच्या आतून, भिंतीशी उभ्या असलेल्या सोनूबाईकडून. ती डॉक्टरांशी बोलत नव्हती, डॉक्टरांशी बोलायचं धाडस तिला नव्हतंच. ती पदर तोंडाला लावून तुळसाला म्हणाली, "बाय, माजा विठू हतं हाये, दाराकडं. खिडकीखाली गंगाराम. आमीच फिरवलंव त्येंना. पाय दक्षिनेला येत व्हते."

डॉक्टरांनी खिडकीकडे मान वळवली.

मग खेडेकर आत शिरले, तिला बाजूला सारून. खिडकीच्या खाटेवरचं पांघरूण काढलं. मांडी सरळ होती. डोळ्याची पापणी उचलली, बाहुली पाहिली. तिथंच उभे राहिले, पापणी बोटात धरून, जरा जास्तच वेळ. वळले तेव्हा चेहऱ्यावर राग होता, पण तो कुणावर काढावा हे त्यांना कळत नव्हतं. सोनूबाई भिंतीत शिरायचं बघत होती. सिरिंज तुळसाच्या हातात होती. आणि हुकूम त्यांचा स्वतःचा होता.

ते दाराशी असलेल्या खाटेजवळ आले. मुलाच्या तांबड्या तोंडावरची धूळ अंगठ्याने पुसली. नाव काय तुझं, असं त्यालाच विचारलं. विठू, तो कण्हत म्हणाला.

"विठूला पेथिडिन, पन्नास," डॉक्टर म्हणाले. चालत नव्हते, उभे होते. "गंगारामला काही नाही. फक्त श्वासावर लक्ष."

"विठूला पेथिडिन, पन्नास. गंगारामला काही नाही, श्वासावर लक्ष."

त्यांनी मान हलवली. तुळसा तशीच उभी. सुई वर. नियम होता. बापाचाही तोच होता, चाळीस वर्षं. डॉक्टरांना कळायला एक क्षण लागला.

"बरोबर," ते म्हणाले.

मग तिने विठूचा दंड धरला.

गंगारामला तासाभरात जीपने कोल्हापूरला नेलं, खेडेकर स्वतः बरोबर गेले. पुढे तिकडून निरोप आला की डोक्यात साकळलेलं रक्त काढलं, शुद्धीवर आला आणि पहिला प्रश्न विचारला तो ट्रकमधले किती चिरे फुटले हा. सखारामने ही बातमी इस्पितळभर सांगितली. सांगून झाल्यावर प्रत्येकाला म्हणायचा, आता परत बोल, काय समजलास ते.

पण हे नंतरचं. दुसऱ्या दिवशी सकाळी तुळसाला एवढंच ठाऊक होतं की खेडेकर कोल्हापूरहून पहाटे परतलेत, न झोपता मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत गेलेत आणि दार लावलंय. तिने आपलं काम चालू ठेवलं. जखमेवर लावायच्या गॉजचे तुकडे कापले. कापलेले परत मोजून ठेवले. पिलणकर बाई मुंबईच्या एसटीला निघाल्या होत्या, पिशवी घेऊन व्हरांड्यातल्या बाकावर बसल्या, एसटीची वेळ होऊन गेली तरी उठल्या नाहीत. आतून एकदा खेडेकरांचा आवाज चढला. शब्द कळले नाहीत. काल चाळीस माणसांत डॉक्टरांच्या पाठीवर ओरडलेल्या नर्सचं कुठल्या शब्दांत वर्णन करतात, ते तिला सासरी कळलेलं होतं.

दार उघडलं. खेडेकर बाहेर आले, डोळे लाल, शर्टावर अजून चिऱ्याची धूळ. नेहमीसारखे चालत आले, नेहमीसारखे तिच्याकडे न बघता बोलले, अर्धं या बाजूला, अर्धं त्या बाजूला.

"उद्यापासून सकाळची ड्यूटी. कॅज्युअल्टीच. दाभोळचं रद्द केलंय." आणि पुढे गेले.

चारदोन पावलं गेले असतील. मग थांबले. मागे वळले नाहीत. पाठमोरेच उभे राहिले, हात मागे बांधून, जसे कुणाची तरी वाट बघताहेत.

बाकावरून पिलणकर बाईंनी तुळसाला कोपराने ढोसलं.

"उद्यापासून सकाळची ड्यूटी," तुळसा म्हणाली. "कॅज्युअल्टी. दाभोळ रद्द."

"बरोबर," डॉक्टर म्हणाले आणि गेले.

घरी पोचली तेव्हा गोदूबाई केरूला पेज भरवत होती. तुळसाने दारातूनच सांगितलं. गोदूबाईला आधी खरं वाटेना, ती म्हणाली, परत सांग बघू. तुळसाने परत सांगितलं. मग ती बापाजवळ बसली आणि त्याच्या चांगल्या बाजूच्या कानाशी वाकून म्हणाली, "बाबा, दाभोळास जावाचा नाय. हतंच ऱ्हायाचा."

केरूचे ओठ हलायला लागले. गोदूबाई म्हणाली, काय पायजे, पाणी? तुळसाने तिला हाताने थांबवलं. जड जीभ टाळूला लागत होती, सुटत होती, परत लागत होती. पेज हनुवटीवरून ओघळली. तुळसा पदराने न पुसता तशीच वाट बघत बसली.

"हतंच," केरू म्हणाला.

"व्हय," ती म्हणाली, आणि मग हनुवटी पुसली.